धानाईच्या डोंगरावर उतरलेली नवरी

चाळीस वर्षं मी लोकांच्या लग्नात मांडव घातले, आणि सरळ समोर बघून एकही मंगलाष्टक ऐकलं नाही. मंगलाष्टकं चालू असताना सगळ्यांच्या नजरा नवरा-नवरीवर असतात. मांडववाल्याची नजर वर असते. कुठला दोर सैल पडलाय, कुठलं छत फुगतंय, कोणता पाहुणा खांबाच्या बल्लीला टेकून उभा आहे. लग्न पार पडलं म्हणजे आपलं कापड खाली आलं नाही, एवढाच आमच्यासाठी त्याचा अर्थ.

आमचं दुकान भिंगारला. वडील छावणीत तंबू दुरुस्तीच्या कामाला होते. लष्करातून बाद झालेले तंबू लिलावात निघत, ते घेऊन त्यांनी मंडपाचा धंदा काढला, आणि मी सातवीत गटांगळी खाल्ल्यावर मलाही त्यात ओढलं. त्यामुळं आमच्या मांडवाला झालरी कमी आणि दणकटपणा जास्त. नगरच्या पेठेतले मंडपवाले आम्हाला ‘पलटणवाले’ म्हणून हसायचे. पण वावटळीच्या दिवसांत लग्न असलं की गिऱ्हाईक आमच्याच दारात यायचं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मांडव म्हणजे चार बांबू आणि वर कापड. मांडव उभा करणं सोपं असतं, उभा ठेवणं अवघड. कापड ही चीज मुळात उडायलाच बसलेली असते. म्हणून या धंद्यात पहिल्यांदा गाठ शिकवत नाहीत, वारा शिकवतात. वारा कधीच सलग वाहत नाही. चार-पाच झोत मारतो आणि दम खातो. त्याला आम्ही ‘खंड’ म्हणतो. छत वर फेकायचं ते त्या खंडात, आणि पुढचा झोत यायच्या आत चारी कोपरे बांधून मोकळं व्हायचं. वडील मला मोकळ्या माळावर उभा करायचे, डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचे, “खंड आला की हात वर कर.” चुकलो की पाठीत धपाटा. हे शिक्षण पुढं कुठं कामाला येईल, याची त्यांना कल्पना नव्हती. मलाही नव्हती.

विचित्र गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली. शेवगावच्या एका अडत्याला आटलेल्या विहिरीवर फळ्या टाकून त्यावर बोहलं पाहिजे होतं, कारण विहीर त्याच्या आजोबांनी खणलेली होती. तेही केलं. पण दगडूतात्या दुकानात आले त्या दिवशी मात्र माझ्या हातातला चहा खाली ठेवावा लागला.

दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. माघ सरत आला होता. तात्या कॅनॉलच्या भागातले ऊसवाले शेतकरी, पण मूळ गाव शेवगाव तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यातलं, धानाईच्या डोंगराच्या पायथ्याचं. जीपमधून उतरले, गादीवर बसले आणि म्हणाले, “पोरीच्या लग्नाचा मांडव घालायचाय. धानाईच्या डोंगरावर.”

“म्हणजे पायथ्याला.”

“माथ्यावर. आन तिथं हेलिकॉप्टर उतरायची सोय पाहिजे.”

मला वाटलं, माणूस उन्हातून आलाय. मी पोराला पाणी आणायला सांगणार, तेवढ्यात तात्यांनी सगळं सांगितलं. त्यांची सुमन चार वर्षांची असताना तापानं फणफणली. ताप उतरला, पण डावा पाय लुळा करून गेला. त्या तापात तात्यांनी धानाईला नवस बोलला होता, पोर जगू दे, तिचं लग्न तुझ्यासमोर लावीन. पोर जगली, मॅट्रिक झाली, आता लग्न ठरलं. मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आणि धानाईचं देऊळ डोंगराच्या माथ्यावर. पायऱ्या नाहीत. धडधाकट माणसाला दीड तासाची चढण, तीही घसरत्या मुरमाची.

“मग डोली करा की,” मी म्हणालो.

“ते तुमी तिला सांगा,” तात्या म्हणाले.

मापं घ्यायला मी त्यांच्या वस्तीवर गेलो तेव्हा सुमन ओसरीवर गहू निवडत बसली होती. बाजूला काठी. डोलीचा विषय मीच मूर्खासारखा काढला. ती सूप खाली न ठेवताच म्हणाली, “चौघांच्या खांद्यावर बसून देवीकडं जायचं म्हंता? माणूस तसा एकदाच जातो काका, आन तवा त्याला काई कळत नसतं.”

मी पुन्हा डोलीचं नाव काढलं नाही.

हेलिकॉप्टरचं असं होतं, की त्या भागात उसावर पाकोळी नावाची कीड पडली होती आणि फवारणीसाठी पुण्याच्या बाजूनं एक हेलिकॉप्टर आलं होतं. पुढं काचेचा मोठा फुगा, मागं नुसती नळ्यांची शेपटी, बाजूला औषधाच्या टाक्या. रोज सकाळी ते तात्यांच्या उसावरून घिरट्या घालायचं आणि सुमन ओसरीवरून बघायची. एके दिवशी ती बापाला म्हणाली, “हे जर उसासाठी येतं, तर माझ्यासाठी का न्हाई?” तात्यांनी महिनाभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. परवानगीचे कागद जमा झाले. फवारणी संपवून मशीन परत जाताना टाक्या उतरवून एक दिवस लग्नाला येणार, असं ठरलं.

वैमानिकाला सगळे कप्तान म्हणत. बेळगावकडचा माणूस, पन्नाशीचा, बुटका, खिशात कायम दोन पेन्सिली. तो आधी पायी डोंगर चढून आला, मी सोबत होतो. माथा म्हणजे दोन मोठ्या खळ्यांएवढी सपाट जागा, एका अंगाला देऊळ, तीन अंगांना कडा. त्यानं पावलं मोजली, दगड हलवून बघितले, एक बोराटीचं झुडूप तोडायला सांगितलं. मग मला म्हणाला, “मंडपवाले, तुमचं आणि माझं जमणार नाही. माझा पंखा ज्या वाऱ्यावर उभा राहतो, त्यात तुमचं कापड उभं राहणार नाही.”

मी म्हणालो, “आमचं कापड पलटणीचं आहे.”

तो हसला. “बुधवारी एकदा उतरून दाखवतो.”

बुधवारी मी देवळाला लागून साठ हात लांबीची लाल-पांढरी कनात ताणून ठेवली. कनात म्हणजे मांडवाच्या कडेची कापडी भिंत. हेलिकॉप्टर आलं. लांबून भुंग्यासारखं वाटणारं ते मशीन डोक्यावर आलं तेव्हा छातीत कुणी ढोल बडवतंय असं झालं. धूळ, पाचोळा, खडे, सगळं एकदम उठलं. माझ्या खुंट्या गाजरासारख्या उपटल्या गेल्या आणि साठ हात कनात लाटेसारखी उसळून दरीत गेली. माझी दहा माणसं पोटावर पालथी पडली होती. मी उभा होतो, कारण मी देवळाच्या खांबाला मिठी मारली होती.

कप्तान उतरला, दरीकडं बघितलं आणि म्हणाला, “चांगलं होतं कापड.”

खोटं कशाला बोलू, राग आला नाही. अंगात वारं शिरल्यासारखं झालं. एवढी वर्षं वाऱ्याशी झुंजत होतो, पण वारा तयार करणारं यंत्र कधी समोर आलं नव्हतं. त्या दुपारी मी डोंगरावर बसून काडीनं मातीत नकाशे काढले. छत रद्द. कापडाऐवजी पाला. आंबा आणि जांभळाच्या डहाळ्या बांबूंच्या जाळीवर विणायच्या, म्हणजे वारा अडत नाही, पानांमधून निघून जातो. आमच्या आज्यांच्या वेळचा मांडव. पलटणवाल्यावर शेवटी पाल्याची पाळी आली. मांडव देवळाच्या मागच्या अंगाला, आडोशाला. कनात एकच, तीही कमरेएवढी, आणि तिच्या खालच्या काठावर वऱ्हाडी मंडळींनाच बसवायचं. माणसांसारखं वजन नाही. उतरायच्या जागेवर धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपायचं, त्यासाठी घागरी खालून खांद्यावर आणायच्या.

आणि खुणा. मैदानाच्या कडेला एका काठीवर मी लाल कापडाची लांब पट्टी बांधली. कप्ताननं मला शिकवलं, पट्टी लोंबत असेल तर जमिनीवर पांढरी चादर पसरून दगडांनी दाबा, मी उतरेन. पट्टी काठीला काटकोन करून ताठ उभी राहिली तर चादर काढा आणि लाल लुगडं पसरा, मी परत जाईन. वर माणूस मीच होतो, तेव्हा ही जबाबदारी माझ्याकडं आली.

लग्नाच्या तीन दिवस आधी पायथ्याच्या गावात, तात्यांच्या जुन्या घराच्या ओसरीवर बैठक बसली. कप्ताननं पहिला प्रश्न विचारला, “वजनं किती?” मशीनमध्ये त्याच्याशेजारी दोघं बसू शकत, पण उन्हानं हवा पातळ होते, उंचावर आणखी पातळ, आणि पातळ हवेत पंख्याला पकड मिळत नाही. “एका फेरीला एकच माणूस नेईन,” तो म्हणाला. गुळाचा काटा आणला गेला. नवरीचं वजन कसं करायचं म्हणून बायका कुजबुजायला लागल्या, तेव्हा सुमन स्वतःच काठी टेकत आली आणि काट्यावर उभी राहिली. “काठीचंबी धरा,” ती म्हणाली.

कप्तान पुढं म्हणाला, “मुहूर्त साडेदहाचा आहे. मी साडेसातला पहिली फेरी करीन. दुसरी खाली येऊन इंधन भरून, तासाभरानं. पण मध्ये वारा सुटला तर दुसरी होईलच असं नाही.”

“पयली फेरी नवरदेवाची,” बळवंतमामा म्हणाले. हे नवरदेवाचे मामा. अंगानं भरभक्कम, आवाजानं त्याहून. “नवरी आधी जाऊन वाट बघत बसंल, हे आमच्यात चालत न्हाई.”

तात्या मुलीचे बाप, त्यांनी मान खाली घातली. नवरदेव नामदेव गुरुजी कोपऱ्यात बसले होते. सडपातळ, चष्मा, हाताची घडी. ते काहीच बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मी दोन दिवस त्या माथ्यावर काढले होते. तिथं साडेआठला वारा उठतो, हे मला पाठ झालं होतं. दुसरी फेरी होणं कठीण आहे, हे त्या ओसरीवर मला एकट्याला ठाऊक होतं. पण मांडववाल्यानं सोयऱ्यांच्या बोलण्यात तोंड घालायचं नसतं, अशी आमची रीत. त्या दिवशी मी रीत पाळली, त्याची खंत अजून आहे.

लग्नाच्या दिवशी झुंजुमुंजू व्हायच्या आधीपासून माझी माणसं पाण्याच्या घागरी घेऊन चढत होती. मी मैदानाच्या कडेला उभा राहून घागरी मोजत होतो. उजाडता उजाडता एक जण आला, त्यानं घागर खांद्यावरून उतरवली आणि धापा टाकत कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी म्हणालो, “थांबू नको, शिंपायला लाग.” त्यानं खरंच शिंपायला सुरुवात केली. अर्धी घागर संपल्यावर त्यानं खिशातून चष्मा काढून पुसून घातला, तेव्हा मी ओळखलं.

“गुरुजी, तुम्ही?”

“मला पाय आहेत की,” नामदेव गुरुजी म्हणाले. “पहिली फेरी तिला मिळू दे. मामांना सांगितलं असतं तर त्यांनी मला बांधून ठेवलं असतं.”

ओसरीवर जे मी बोलायला हवं होतं, ते या माणसानं दीड तास चढून बोलून दाखवलं होतं. मी त्यांना पाणी दिलं, बसवलं. त्यांनी हळदीच्या अंगावर जुना सदरा चढवला होता, लग्नाचे कपडे पिशवीत होते. सगळं छान जुळून आलं असं मला वाटत होतं, तोवर खालचा बँड थांबला.

सकाळपासून पायथ्याचा बँड वर ऐकू येत होता. तो गाण्याच्या मध्यातच तुटला. मी कड्यावरून वाकून बघितलं. खाली शेतात हेलिकॉप्टर उभं होतं, त्याच्याभोवती माणसं मुंग्यांसारखी इकडून तिकडं पळत होती. साडेसात झाले. पंखा फिरेना.

“गुरुजी,” मी विचारलं, “खाली कुणाला सांगून आलात ना?”

ते मान हलवत म्हणाले, “चढताना कुणाच्या हाती निरोप देईन म्हणलं होतं. पण सगळेच वर येत होते. खाली जाणारं कुणी भेटलंच न्हाई.”

म्हणजे खाली नवरदेव नाहीसा झाला होता. लग्नाच्या दिवशी, आणि नवरीचा पाय तसा. लोक काय बोलत असतील हे सांगायला नको. पुढं तात्यांकडून कळलं, की बायकांत कुजबुज झालीच होती, शेवटी पोरगं पळालं म्हणून. सुमनची आई जमिनीवर बसली होती. बळवंतमामा विहिरींत डोकावून येत होते. आणि सुमन शालू नेसून, हेलिकॉप्टरच्या शेजारी खुर्चीवर ताठ बसून होती.

माणूस खाली पळवावा तर उतरायलाच पाऊण तास. तोवर साडेआठ. मी आजूबाजूला बघितलं आणि मला बाबूभाई दिसले. भिंगारचे आमचे लाउडस्पीकरवाले, माझ्या प्रत्येक मांडवातले जोडीदार. ट्रॅक्टरची बॅटरी आणि दोन कर्णे त्यांनी आदल्या दिवशीच वर चढवले होते.

“बाबूभाई, कर्णे खाली फिरवा.”

त्यांनी एक शब्द विचारला नाही. दोघांनी मिळून कर्णे बांबूवरून सोडवले, कड्याच्या टोकाला नेऊन दगडांत रोवले, तोंडं दरीकडं. बाबूभाईंनी सवयीनं “हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, एक, दोन, तीन” केलंच. मग माइक गुरुजींच्या हातात दिला.

गुरुजींनी घसा साफ केला आणि पहिलं वाक्य निघालं ते शाळेतलं. “सगळ्यांनी जागेवर शांत बसा. गडबड करू नका.”

दरीत आवाज घुमला. खाली मुंग्या थांबल्या.

“बाबा, मामा, मी नामदेव बोलतोय. मी डोंगरावर आहे. चालत आलोय. हेलिकॉप्टर सुमनसाठी आहे, तिला आधी पाठवा.” ते थांबले. माइक तोंडापासून दूर नेला, परत आणला. “सुमन, तुमी या. मी वर थांबलोय. मामा, रागावू नका.”

समोरच्या डोंगरानं “नका, नका” एवढंच परत पाठवलं.

मग काहीच नाही. मी घड्याळ बघतोय, बाबूभाई बॅटरीवर हात ठेवून बसलेत, गुरुजी माइक घट्ट धरून उभे आहेत. आणि खालून बँड सुरू झाला, जिथं तुटला होता तिथूनच. पाठोपाठ इंजिनाची घरघर आली. खाली काय झालं होतं, तर गुरुजींचा आवाज थांबल्याबरोबर सुमन उठून कप्तानला म्हणाली होती, “वारा सुटायच्या आत निघायचं म्हनत हुता ना?”

हेलिकॉप्टर डोंगराच्या अंगानं वर चढायला लागलं. पांढरी चादर मी केव्हाच पसरली होती. आणि नेमकी तेव्हा काठीवरची लाल पट्टी हलली. एकदा वळवळली, पडली. परत उठली, आणि या वेळी ताठ. काठीला काटकोन.

आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. त्या दिवशी वारा लवकर आला.

गुरुजी माझ्याकडं बघत होते. त्यांना खुणा माहीत नव्हत्या, पण माझा चेहरा दिसत होता. मी चादरीवरचे दगड लाथेनं उडवले, चादर ओढून काढली आणि लाल लुगडं पसरलं. हेलिकॉप्टर माथ्याच्या पातळीला आलं होतं, काचेतून सुमनचा हिरवा शालू दिसत होता. लुगडं दिसताच ते एका अंगाला कललं आणि लांब वळण घेऊन दरीवर निघून गेलं.

“परत चाललं?” गुरुजींनी विचारलं.

“थांबा, बोलू नका,” मी म्हणालो आणि डोळे मिटले.

झोत आला. एक. दोन. तीन, हा मोठा. चार. आणि खंड. मी मनात आकडे मोजले. दहापर्यंत गेलो आणि पाचवा झोत आला. पुन्हा तेच. चार झोत, तिसरा मोठा, मग खंड, या वेळी बारा आकड्यांचा. वारा कोवळा होता, अजून दम खात होता. तासाभरानं त्याला दम खायची गरज उरली नसती. डोळे उघडले तेव्हा हेलिकॉप्टर दरीवर वळसा घेत होतं. कप्तान गेला नव्हता, माझ्याकडं आणि काठीवरच्या पट्टीकडं बघत होता. बुधवारी त्याला मी खंडाबद्दल सांगितलं होतं, छत कसं चढवतो ते. त्यानं पेन्सिलीनं लिहूनही घेतलं होतं.

ते वळसा पुरा करून माथ्याच्या जवळ आलं, तेव्हा तिसरा झोत चालू होता. मी लुगड्याचं टोक हातात धरून उभा. चौथा झोत आला, माझं धोतर फडफडलं आणि थांबलं. मी लुगडं ओढलं, बाबूभाईंनी आणि गुरुजींनी चादर टाकली आणि दोघं तिच्या कोपऱ्यांवर गुडघे टेकून बसले. हेलिकॉप्टर सरळ आमच्यावर आलं. कनातीच्या काठावर रात्रीच येऊन मुक्काम केलेले चाळीस वऱ्हाडी डोकी खाली घालून बसले. पाल्याचा मांडव सळसळला, वाकला, तसाच राहिला. भटजींचं पंचांग तेवढं उडालं. मी मनात नवापर्यंत पोचलो होतो, तेव्हा हेलिकॉप्टरच्या पोटाखालच्या दांड्या जमिनीला लागल्या.

पुढचा झोत आला तेव्हा ते जमिनीवर होतं.

पंखा थांबल्यावर कप्ताननं दार उघडलं. सुमन उतरली. मुंडावळ्या एका कानावर गेलेल्या, शालूला फवारणीच्या औषधाचा वास, चेहरा लाल. देवळापर्यंत साठ पावलं खडकाळ जमीन. चार बायका तिला धरायला धावल्या. ती म्हणाली, “राहू द्या. जाते माझी मी.”

काठी टेकत ती चालायला लागली. गुरुजी तिच्या बाजूनं चालले, तिच्याच चालीनं, हात न लावता. चाळीस माणसं उभी होती आणि काठीचा टकटक आवाज सोडून काही ऐकू येत नव्हतं. देवीच्या उंबऱ्याशी ती पोचली, तेव्हा बाबूभाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले आणि मला म्हणाले, “धूळ गेली.” आम्ही पन्नास घागरी पाणी शिंपलं होतं, धूळ कुठली असणार?

कप्तान माझ्याजवळ आला. “बारा आकडे होते ना?”

“बारा,” मी म्हणालो.

“मी दहाच धरले होते,” तो म्हणाला, आणि वारा आणखी वाढायच्या आत एकटाच खाली गेला.

मुहूर्ताला अजून दोन तास होते, आणि ते लागलेच. तात्या, गुरुजींचे वडील आणि बाकीचं वऱ्हाड पायी चढून आलं. तात्या आले ते सरळ देवीसमोर जाऊन आडवे झाले आणि बराच वेळ उठले नाहीत. बळवंतमामांशिवाय लग्न लागणार नव्हतं, कारण नवरदेवाच्या मागं मामा उभा लागतो. त्यांना शेवटच्या चढावर माझ्या सहा माणसांनी कमरेला दोर बांधून ओढून आणलं. ते बोहल्यापाशी पोचले, गुडघ्यांवर हात ठेवून श्वास घेतला आणि भाच्याला म्हणाले, “गाढवा, मला सांगितलं असतंस तर मीबी पहाटंच निघालो असतो. आता ऊन किती हाय.” मग त्यांनी भाच्याचा फेटा सारखा केला, बराच वेळ सारखा करत राहिले.

लग्न लागलं. मंगलाष्टकांच्या वेळी मी पाल्याकडंच बघत होतो. एक डहाळी सुटली होती.

जेवणं पायथ्याला होती. मंडळी हळूहळू उतरली. नवरा-नवरी, दोघांकडची जवळची माणसं आणि आम्ही मांडववाले एवढे वर उरलो. पाचच्या सुमारास वारा पडला आणि हेलिकॉप्टर परत आलं. कप्ताननं हवेत हात फिरवून बघितला, पट्टीकडं बघितलं. “आता गार आहे, इंधनही कमी झालंय, आणि जायचंय खालीच. दोघांना नेतो.”

सगळ्यांना आनंद झाला. गुरुजींना सोडून. ते माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाले, “मी तुमच्याबरोबर चालत येतो.”

“का?”

ते चष्मा पुसायला लागले. “खरं सांगू का? पहाटं मी चढलो ते तिच्यासाठीच. पण अर्धं कारण हे हुतं, की मला ह्या यंत्राचं लई भ्या वाटतं.”

ते हळूच बोलले होते, पण सुमनच्या कानावर गेलं. ती काचेच्या फुग्यात बसलेली होती. तिनं काठी बाजूला ठेवली आणि हात पुढं केला. “या. भ्या वाटलं तर डोळे मिटा. खाली काय दिसतंय ते मी सांगत जाईन.”

गुरुजी गेले. दार लागलं. आम्ही सगळे कनातीच्या काठावर बसलो. हेलिकॉप्टर जेमतेम हातभर उचललं, कड्याकडं सरकलं आणि टोकावरून एकदम खाली गेलं. दिसेनासं झालं. बळवंतमामांनी माझा दंड धरला.

मग ते दरीतून वर आलं, हलकं, उन्हात चमकत, आणि आमच्या समोरून एक वळण घेतलं. सुमन पुढं वाकून खाली बोट दाखवत होती, बोलत होती, हसत होती. गुरुजींचे डोळे घट्ट मिटलेले होते. पण ती जे काय सांगत होती, त्याला ते मान डोलावत होते.